संदर्भचिठ्ठी म्हणजे सेवा नव्हे

दिव्यांग बालकांविषयीच्या शासकीय चर्चेत गेल्या दहा-बारा वर्षांत एक समजूत पक्की झाली आहे. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील व्यंग किंवा विकासातील विलंब हुडकण्यासाठी तपासणी पथके गावोगाव फिरत आहेत, ज्यांच्यात दोष आढळतो त्यांना पाठवण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र आहे, आणि या दोहोंमधले अंतर पालकांच्या जागरूकतेने भरून निघेल. तेव्हा तालुक्याला वेगळी यंत्रणा मागणे अनावश्यक, खर्चिक आणि तज्ज्ञांअभावी अव्यवहार्य आहे, असे ही समजूत सांगते. ती दुष्टाव्यातून किंवा निव्वळ अनास्थेतून आलेली नाही. तिच्यामागे युक्तिवाद आहेत आणि त्यांपैकी काही सकृद्दर्शनी बिनतोड वाटावेत असे आहेत. परंतु नांदेड जिल्ह्यातील हदगावसारखा तालुका समोर ठेवून ते एकेक तपासले, तर त्यांच्या मुळाशी असलेली गल्लत उघडी पडते. मुलाचा दोष सापडणे आणि मुलाला सेवा मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि प्रचलित व्यवस्था पहिलीची नोंद करून दुसरी पार पडल्याचे समाधान मानते. शीघ्र हस्तक्षेपाचे मोल मुलाच्या घराजवळ, ठरावीक दिवसांनी, वर्षानुवर्षे मिळणाऱ्या सेवेवर ठरते. म्हणून त्याचे एकक जिल्हा नसून तालुका आणि अंगणवाडी हेच असले पाहिजे, हे येथे प्रतिपादन करायचे आहे.

प्रतिपक्षाचे श्रेय प्रथम मान्य करणे न्यायाचे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाली. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब व अपंगत्व अशा चार गटांतील तीसच्या आसपास विकारांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावी, असे त्याचे स्वरूप आहे. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी (एक पुरुष, एक स्त्री), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, तर नवजात बाळाकडे आशा कार्यकर्ती गृहभेटीत पाहते. पथकाला शंका आली की मूल ‘संदर्भित’ होते, म्हणजे पुढील तपासणीसाठी चिठ्ठी देऊन वरच्या संस्थेकडे पाठवले जाते, आणि या साखळीच्या शेवटी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसे एका छताखाली असावीत अशी कल्पना आहे. या कार्यक्रमामुळे हृदयाला छिद्र असलेल्या, ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या असंख्य मुलांवर मोफत शस्त्रक्रिया झाल्या आहेत, आणि एरवी ज्यांच्या घरचे कर्जात बुडाले असते किंवा ज्यांनी उपचाराचा विचारच सोडून दिला असता, अशी ही मुले आहेत. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मात्र याच यशातून पुढची चूक जन्माला येते. शीघ्र हस्तक्षेप या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या स्वभावांचे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. पहिल्या प्रकारात एखादी निर्णायक कृती ठरलेल्या मुदतीत व्हावी लागते: जन्मजात मोतीबिंदू दाट असेल तर तो बाळाच्या पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो, वेळेपूर्वी आणि कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसापर्यंत तपासावा लागतो, आणि थायरॉइडची जन्मजात उणीव पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून गोळी सुरू केली तर बौद्धिक अपंगत्व टळू शकते. दुसऱ्या प्रकारात उपचारांची एक मालिका असते. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणारी सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, स्वमग्नता आणि बोलण्या-समजण्यातला विलंब यांत, महिनोन्‌महिने चालणारा सराव हाच उपचार असतो आणि त्याला शेवटची तारीख नसते. जिल्ह्याला केंद्र पुरे, हा युक्तिवाद पहिल्या प्रकाराला बहुतांशी लागू पडतो, दुसऱ्या प्रकारात लंगडू लागतो आणि तिसऱ्यात पूर्णपणे कोसळतो. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा कर्ज काढून, सुट्टी मागून, शेजाऱ्यावर घर सोपवून मुंबईलाही जातो. दर आठवड्याला तो नांदेडलाही जाऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रकारातील क्लबफूट, म्हणजे आत वळलेली पावले, हे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तो पूर्णपणे सुधारण्याजोगा दोष आहे. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी रूढ केलेल्या पद्धतीत जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात करून पाऊल दर आठवड्याला थोडे थोडे वळवून साधारण पाच ते सात वेळा प्लॅस्टर घातले जाते, बहुतेक बाळांत टाचेमागच्या स्नायुबंधावर एक छोटा छेद द्यावा लागतो, आणि मग खरी कसोटी लागते: एका पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळपास दिवसभर आणि त्यानंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते. मूल रडते, बूट लहान होतात, चामडे घासून टाचेला फोड येतात, सासरची मंडळी ‘पाय तर सरळ दिसतोय, आता कशाला छळता लेकराला’ म्हणतात. या प्रत्येक वळणावर बूट बदलून देणारे, फोडाकडे पाहणारे आणि आईची बाजू घेणारे कोणी तरी हाताशी असावे लागते. प्लॅस्टर झाल्याची नोंद जिल्ह्याच्या अहवालात यशाच्या रकान्यात जाते. बूट कपाटावर पडले असतील तर त्या यशाला अर्थ उरत नाही.

तिसऱ्या प्रकारात काय करावे लागते हे जवळून पाहिल्याशिवाय वारंवारतेचा मुद्दा नीट कळत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दीड वर्षाच्या मुलाला मान पुरती धरता येत नसेल, तर बहुतेक घरांत त्याला मांडीवर आडवे घेऊन भरवले जाते, त्यामुळे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, छातीत कफ होतो आणि वजन वाढत नाही. शहाणी फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत कोणतेही यंत्र काढत नाही. ती दोन भिंतींच्या कोपऱ्यात गोधडीच्या घड्या घालून मुलाला पाठ टेकून बसवते, पाय फाकवून गुडघ्यांखाली उशी सरकवते, मान किंचित पुढे झुकेल असे पाहते, वरण-भात घट्टसर कालवायला सांगते आणि चमचा वरून न आणता समोरून, ओठांच्या रेषेत कसा आणायचा हे आईच्या हाताला धरून दाखवते. पंधरा दिवसांनी गोधडीची घडी बदलावी लागते, कारण मूल एका बाजूला कलू लागलेले असते. महिन्याभराने ते हात पुढे करू लागते, मग ताटलीची जागा बदलते. तीन महिन्यांनी कोपऱ्याचा आधार कमी करायचा असतो. हे सारे बदल मुलाच्या वाढीमागोमाग होतात, आणि म्हणून एकदाच शिकवून सोडलेला व्यायाम काही आठवड्यांत निरुपयोगी होतो, क्वचित अपायकारकही ठरतो. केंद्रात दिलेल्या छापील पत्रकावरची चित्रे या कामाला पुरी पडत नाहीत.

आता हदगावचा नकाशा समोर घ्यावा. नांदेड जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी हा उत्तरेकडचा तालुका; पलीकडे पैनगंगा आणि तिच्या पलीकडे विदर्भातले उमरखेड. तालुक्याचे गाव नांदेडपासून साठ ते सत्तर किलोमीटरवर आहे, आणि तामसा, मनाठा, निवघा, तळणी या भागांतील वाड्या-तांड्यांवरून आधी मोठ्या रस्त्यापर्यंत यायचे, मग पुढची गाडी धरायची, असा प्रवास असतो. आठवड्याला एक सत्र धरले तर दोन वर्षांत शंभरहून अधिक खेपा होतात, म्हणजे हदगाव शहरातल्याच मुलाला साडेबारा ते साडेचौदा हजार किलोमीटर प्रवास करावा लागेल. किनवट आणि माहूरच्या मुलांचा हिशेब याहूनही मोठा निघेल. यावर भाड्याच्या सवलतीचे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे, कारण पाच वर्षांखालील मुलाला एस.टी.त तिकीट लागतच नाही आणि २०२३ पासून आईलाही अर्धेच तिकीट पडते. खरी किंमत बुडालेल्या रोजाची, घरी ठेवलेल्या दुसऱ्या लेकरांची आणि मान न धरणारे मूल कडेवर घेऊन फाट्यावर उभे राहण्याची असते. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत आठवड्याचा एक संपूर्ण दिवस सोडणे शेतमजूर बाईला शक्य नसते. जी कुटुंबे ऊसतोडीला जातात ती तर दिवाळीच्या सुमारास निघून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे पथकाच्या वर्षातल्या दोन अंगणवाडी भेटींपैकी एक त्यांच्या गैरहजेरीतच होण्याची शक्यता असते. येथे जिल्हा केंद्रातील पदे रिक्त आहेत की भरलेली, यंत्रे चालू आहेत की बंद, हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आहे. केंद्र आदर्श आहे असे धरले तरी निष्कर्ष बदलत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असेल, तर बंब नवा कोरा आहे या माहितीचा उपयोग नसतो.

या वस्तुस्थितीला दिले जाणारे पहिले उत्तर संख्येचे असते: एका तालुक्यात अशी मुले असून असणार तरी किती? २०११ च्या जनगणनेने सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत अपंगत्वाचे प्रमाण १.२४ टक्के नोंदवले, देशभरात सुमारे २०.४२ लाख बालके. एवढ्या विरळ संख्येसाठी तालुक्याला तज्ज्ञ नेमणे म्हणजे चैन, असा त्यातून अर्थ काढला जातो. परंतु जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून घरच्यांना विचारतो, आणि दोन वर्षांचे मूल बोलत नाही याला घरचे अपंगत्व म्हणत नाहीत. ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणतात. मुलांना प्रत्यक्ष तपासले तेव्हा चित्र वेगळे दिसले. कांगडा, पलवल, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद या पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात दोन ते सहा वर्षांच्या आतील मुलांपैकी ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १३.६ टक्के मुलांत मज्जाविकासाशी निगडित, अनुक्रमे सात आणि नऊ विकारांपैकी किमान एक आढळला. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या सारख्या नाहीत, पाहणीने सौम्य दोषही धरले आहेत, आणि ठिकाणागणिक प्रमाणात मोठा फरक आहे, ही काळजी घेऊनही एक गोष्ट नाकारता येत नाही: संख्या थोडी आहे म्हणून सेवा नाही, असे म्हणणाऱ्यांच्या हातातली संख्या सेवाच नसल्यामुळे थोडी दिसते. ज्या गावात पुढे काही मिळत नाही, तेथे घरचे दोष सांगत नाहीत आणि सेविकाही नोंदवायला कचरते.

दुसरे उत्तर वाट पाहण्याचे आहे. मुले आपापल्या गतीने वाढतात, काही उशिरा बोलतात आणि पुढे शाळेत पहिली येतात. मग दोन वर्षांच्या मुलावर शिक्का कशाला मारावा, हा प्रश्न आजीही विचारते आणि अनुभवी डॉक्टरही विचारतात. यातला शिक्क्याचा आक्षेप गंभीर आहे आणि चाळणी तपासणीत काही निरोगी मुले संशयित ठरतात हेही खरे आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा हवा. जेथे संशय आल्यावर मिळणारी सेवा म्हणजे आईने मुलाशी अधिक बोलणे, खेळणे, त्याच्या इशाऱ्याला प्रतिसाद देणे अशी असते, तेथे निरोगी मुलाचे नुकसान काहीच होत नाही. जेथे संशयाचे फलित फक्त चिठ्ठी आणि चिंता असते, तेथेच शिक्का बोचतो. उलट वाट पाहण्याची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील श्रवणदोष असलेल्या मुलांचा क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की, सहा महिन्यांच्या आत ज्यांचा दोष ओळखला गेला त्यांची भाषा नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. हा अभ्यास लवकर तपासणीच्या समर्थनार्थ सर्वत्र दाखवला जातो. त्यातला दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, तो असा की तेथे दोष ओळखल्यावर सरासरी दोन महिन्यांत घरच्यांसह सेवा सुरू झाली होती. निदान लवकर झाले आणि सेवा तीन वर्षांनी मिळाली, तर त्या लवकर निदानाने आईवडिलांच्या वाट्याला केवळ जास्त लांबीची काळजी येते.

वाट पाहण्याचे धोरण व्यवस्थेच्या नियमांतच कसे मुरले आहे, हेही पाहिले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, आणि धोका संभवणारी मुले ओळखण्यासाठी वर्षातून किमान एकदा सर्व मुलांची तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. मात्र लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याने सहा ते अठरा या वयासाठी दिला. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो आणि त्याआधीच्या वयासाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणतो. त्यात भर म्हणजे एक ते पाच वर्षांच्या मुलाचे निदान ‘सर्वांगीण विकास-विलंब’ असे लिहावे आणि बौद्धिक अपंगत्वाचे निदान व प्रमाणपत्र पाच वर्षांनंतर द्यावे, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवले. वैद्यकीयदृष्ट्या ही सावधगिरी योग्यच आहे, कारण लहान मुलाची बुद्धी मोजून कायमची चिठ्ठी चिकटवणे अशास्त्रीय ठरेल. परंतु ज्या व्यवस्थेत प्रत्येक लाभाची किल्ली प्रमाणपत्र असते, तेथे या सावधगिरीचा परिणाम असा होतो की ज्या वर्षांत मेंदू सर्वांत अधिक घडतो त्याच वर्षांत अनेकदा अशा मुलाच्या हातात ती किल्ली नसते. सेवा गरजेवर मिळाली पाहिजे आणि प्रमाणपत्र नंतर आले पाहिजे. आज क्रम उलटा आहे.

तिसरे उत्तर तज्ज्ञांच्या टंचाईचे असून ते सर्वांत वजनदार आहे. वाचा व श्रवण तज्ज्ञ, मुलांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक मोठ्या शहरांत गोळा झाले आहेत, त्यांना तालुक्याला कोण पाठवणार आणि ते टिकणार कसे, हा प्रश्न खोटा नाही. लातूरजवळच्या हरंगुळ येथील ‘संवेदना’ या सेरेब्रल पाल्सी केंद्रासारखी कामे मराठवाड्यात उभी राहिली आहेत, ती स्थानिक माणसांच्या चिकाटीवर. अशी केंद्रे सरकारी आदेशाने तालुक्यागणिक उगवणार नाहीत. पण टंचाईचा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे सेवा तज्ज्ञानेच मुलाला हात लावून द्यायची असते. जगभर सेवा रुजली ती नेमक्या या गृहीतकाला बाजूला सारून. १९६९ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज या गावी सुरू झालेला प्रकल्प विखुरलेल्या शेतवस्त्यांच्या ग्रामीण भागातला होता. मुलांना केंद्रात आणणे परवडत नाही हे ओळखून तेथे प्रशिक्षित कार्यकर्ता आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईवडिलांना पुढच्या आठवड्यापुरते काम शिकवू लागला, आणि ही पद्धत पुढे अनेक देशांत, भारतातही वापरली गेली. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर पंधरा दिवसांनी, तीन वर्षे गृहभेटी देऊन पालकांना खेळ आणि संवाद शिकवले, आणि छत्तिसाव्या महिन्यात त्या मुलांचा बौद्धिक विकास तुलनेच्या गटापेक्षा चांगला आढळला. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत तिच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना तज्ज्ञेतर कार्यकर्त्यांकरवी प्रशिक्षण देऊन पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पालकांचा प्रतिसाद आणि मुलाने स्वतःहून साधलेला संवाद दोन्ही वाढले.

या पुराव्याला फुगवून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बेळगावच्या चाचणीत तीव्र अपंगत्व असलेली मुले नव्हती, जन्मावेळी श्वास अडकल्यासारख्या कारणाने धोक्यात असलेली आणि निरोगी मुले होती. गोव्यातील अभ्यास छोटा, दोन्ही देश मिळून पासष्ट मुलांचा होता आणि तो स्वमग्नता बरी करण्याचा दावा करत नाही. शिवाय या प्रत्येक प्रयोगामागे नियमित देखरेख होती: कार्यकर्ता अडला की विचारायला तज्ज्ञ होता आणि त्याचे काम वरचेवर तपासले जात होते. म्हणून येथे केलेली मागणी तज्ज्ञांना वगळण्याची नाही. फिजिओथेरपिस्टने दिवसभरात पंधरा मुलांचे हातपाय हलवण्याऐवजी पंधरा कार्यकर्त्यांकडील मुलांच्या सरावाची आखणी तपासावी, महिन्यातून ठरलेल्या दिवशी हदगावच्या रुग्णालयात बसावे आणि उरलेल्या आठवड्यांचे काम गावातल्या प्रशिक्षित हातांकडे असावे, ही ती मागणी आहे. टंचाई खरी असेल तर तज्ज्ञाचा वेळ सर्वांत किफायतशीरपणे वापरण्याची हीच रीत आहे. जिल्ह्याच्या खोलीत बसून न येणाऱ्या मुलाची वाट पाहणे ही त्या वेळेची उधळपट्टी ठरते.

गावातले प्रशिक्षित हात कोणाचे, या प्रश्नाला बहुतेक धोरणकर्ते ‘अंगणवाडी सेविका’ असे उत्तर देऊन मोकळे होतात, आणि येथे प्रतिवाद आपल्याच बाजूच्या मंडळींशीही करावा लागतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि जन्मापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचणारी दुसरी एवढी दाट यंत्रणा देशात नाही, हे खरेच. केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली, ही दिशा स्वागतार्ह आहे. परंतु तिचे तीन टप्पे पाहावेत: दोषाची चिन्हे ओळखणे, मुलाला अंगणवाडीच्या उपक्रमांत सामावून घेऊन कुटुंबाला बळ देणे, आणि आशा, परिचारिका व बाल स्वास्थ्य पथकामार्फत संदर्भसेवेला साहाय्य करणे. म्हणजे गाडी पुन्हा संदर्भाच्याच थांब्यावर येऊन थांबते. वजने, उंची, पोषण आहार, मोबाइलवरच्या नोंदी, लसीकरणाचे दिवस आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या, मानधनावर काम करणाऱ्या सेविकेच्या डोक्यावर सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा दीर्घ सराव लादणे अन्यायाचेही आहे आणि निष्फळही. तिच्याकडून अपेक्षा करायची ती मुलाला अंगणवाडीत बसवून घेण्याची, इतर मुलांमध्ये मिसळवण्याची आणि सराव घेणाऱ्या कार्यकर्तीला दार उघडून देण्याची. घरोघरच्या सरावासाठी काही अंगणवाड्यांमागे एक, पूर्ण वेळ, वेतन घेणारी शीघ्र हस्तक्षेप कार्यकर्ती स्वतंत्रपणे नेमावी लागेल.

यावर चौथे उत्तर पैशाचे येते. ते ऐकताना एक विसंगती लक्षात ठेवावी: पुढील आयुष्यात हेच मूल निराधार अनुदान, साहित्यवाटप शिबिरे आणि निवासी विशेष शाळा यांसाठी पात्र ठरते, आणि त्या खर्चाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे कानाच्या आत बसवायच्या विद्युत उपकरणासाठी, केंद्राच्या योजनेतून लाखो रुपये दिले जातात; पण ते बसवल्यानंतर दोन-तीन वर्षे चालणारे वाचा-प्रशिक्षण तालुक्यात मिळत नसेल, तर ते महागडे यंत्र मुलाच्या डोक्याला लावलेला दागिना होऊन राहते. शस्त्रक्रियेचा खर्च दिसतो, तिचा फोटो निघतो, आणि सरावाचा खर्च दिसत नाही. अंदाजपत्रकातला हा पक्षपात काटकसर या नावाने खपवला जातो. तरीही खर्च वाचवणे हा या मागणीचा मुख्य आधार मानू नये, कारण मग ज्या मुलाच्या प्रकृतीत फारसा फरक पडणार नाही त्याचा सेवेवरचा हक्क आपोआप दुबळा होतो.

याच ठिकाणी पाचवा आक्षेप येतो, आणि तो अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांकडून येतो. मुलाला ‘दुरुस्त’ करण्याची ही सारी धडपड म्हणजे अपंग जिणे कमी प्रतीचे आहे हे मान्य करणेच होय, असे ते म्हणतात. तीव्र सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला चालवण्याच्या अट्टहासात त्याची बालपणाची वर्षे खर्ची घातलेली घरे पाहिली, तर या आक्षेपातले तथ्य पटते. पण कोपऱ्यातल्या गोधडीवर सरळ बसून ठसका न लागता जेवणारे, चित्रावर बोट ठेवून पाणी मागणारे मूल सामान्य झालेले नसते. त्याला त्याचे स्वतःचे जिणे थोडे अधिक मिळालेले असते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही लवकर ओळख, लवकर हस्तक्षेप आणि शक्य तितक्या आधी सुरू होणारे पुनर्वसन यांना हक्क म्हणूनच स्थान आहे. हक्क मानला की प्रश्न मूल किती सुधारेल हा उरत नाही. त्याला मिळायची ती सेवा त्याला मिळते की नाही, एवढाच उरतो.

तेव्हा वाद अखेरीस मोजमापावर येऊन ठेपतो, कारण शासन जे मोजते तेच करते. आज जिल्ह्याच्या आढावा बैठकीत किती मुले तपासली आणि किती संदर्भित केली हे दोन आकडे वाचले जातात, आणि दोन्ही आकडे मोठे असतील तर काम चांगले ठरते. त्यांच्या जागी तीन साधे प्रश्न विचारावेत: संदर्भित मुलांपैकी किती मुलांची पहिली सत्रे दोन महिन्यांच्या आत सुरू झाली, गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक मुलाला ठरलेल्यांपैकी किती सत्रे प्रत्यक्ष मिळाली, आणि घरापासून सत्राच्या जागेपर्यंत आईला किती वेळ लागला. हे प्रश्न विचारायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आहे आणि आरोग्य व बालविकास विभागांना एका टेबलाशी बसवून हे रकाने नोंदवहीत घालणे त्याच्या अधिकारात बसते. ज्या दिवशी हदगाव तालुक्याचा अहवाल या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ लागेल, त्या दिवशी जिल्हा केंद्र पुरेसे आहे की नाही यावर लेख लिहिण्याची गरज उरणार नाही. तोपर्यंत ‘संदर्भित’ या रकान्यातली प्रत्येक खूण सेवा दिल्याचा पुरावा म्हणून वाचणे बंद व्हावे, आणि ती शासनाने अद्याप फेडावयाच्या देण्याची नोंद म्हणून वाचली जावी.